रबराच्या अस्तराचा बटवा

हातखंबा,
१४ जानेवारी १९८५

सौ. येसू,

अक्षर बघून दचकू नकोस. बाबूची तार आली तेव्हापासून हात थाऱ्यावर नाही. दिवस भरायच्या आधी आलेलं पोर काचेच्या पेटीत ठेवलंय, हे वाचलं आणि मी दुकानाच्या दारातच बसकण मारली. खाली ट्रकचा टायर होता म्हणून बरं. एवढासा जीव पेटीत ठेवतात आणि तो जगतो, हे अजून माझ्या डोक्यात शिरत नाही. तू सांगतेस म्हणून खरं धरतो. नातू पेटीबाहेर येईपर्यंत तू मुंबईतून हलू नकोस.

इकडे सगळं ठीक. राही माझी फार काळजी घेते. भात कालवून पुढ्यात ठेवते, सदऱ्याची बटणंही लावून देते. लाड चाललेत म्हण. दुपारी थोडा वेळ दुकानात बसते, गिऱ्हाईक आलं तर सांगायला. मी सध्या टायरमध्ये हवा भरत नाही. थंडीने सांधे धरलेत.

तिच्यासाठी एक स्थळ कानावर आलंय. लोट्याजवळच्या गावातलं. मुलगा रघुनाथ, तिथल्या कंपनीत कायम आहे, पाळीला जातो. वडील नाहीत, आई आनंदीबाई सगळं बघते. बाई चोखंदळ आहे म्हणतात. विचारून बघतो.

हे पत्र सुनेला वाचायला देऊ नकोस. तिला अक्षर लागायचं नाही.

गंगाराम


हातखंबा,
२ फेब्रुवारी १९८५

सौ. येसू,

तुझं कार्ड मिळालं. अख्ख्या कार्डावर एकच ओळ, 'बोटं किती गेली?' म्हणजे रावजी ट्रक घेऊन मुंबईला आला, तुझ्याकडे चहा प्यायला आणि सगळं ओकून गेला. त्याला निघताना बजावलं होतं. ड्रायव्हरच्या पोटात डिझेलसुद्धा राहत नाही, बातमी कुठून राहणार.

एकही बोट गेलेलं नाही. उजव्या हाताची दोन वळत नाहीत, एवढंच. ट्रकच्या चाकाला लोखंडी रिंग असते ना, ती नीट बसली नव्हती. हवा भरताना टायरचा सूर चढत जातो, तो सूर मध्येच फाटला. मला ऐकू आलं, येसू. बाकी कुणाला आलं नसतं. कान वेळेवर सांगत होते, हात मागे घ्यायला उशीर झाला. रिंग उडून बोटांवर आली. ट्रकवर क्लीनर होतो तेव्हापासून मी टायर हाताळतो, आणि टायरने मला असं केलं, याचाच धक्का जास्त बसला.

त्याहून मोठा धक्का डॉक्टरांनी दिला. पट्टी सोडली आणि म्हणाले, "गंगारामभाऊ, बोटांना बारीक काम द्या, नाहीतर ती काठीसारखी राहतील. भरतकाम शिका." मी हसलो. ते हसले नाहीत.

रत्नागिरीत स्टँडच्या मागच्या गल्लीत सोनूबाई म्हणून एक बाई भरतकामाचा वर्ग चालवतात. तिथे गेलो. ओटीवर बायका बसलेल्या. मला बघून पदर सावरले गेले. एकीने विचारलं, "कुणाला न्यायला आलात?"

म्हटलं, "शिकायला आलोय."

कुणाच्या तरी हातातून कात्री पडली. सोनूबाईंनी चष्म्यावरून माझ्या बोटांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "खिडकीशी बसा. विडी चालायची नाही."

लाकडी रिंगीत कापड ताणून त्यांनी माझ्या हातात दिलं. "ढिलं आहे की घट्ट, सांगा बघू." आपण टायरवर पहार मारून आवाजावरून हवा ओळखतो. मी कापडावर टिचकी मारली, कान लावला आणि म्हटलं, "अजून थोडी हवा पाहिजे." अख्खी ओटी हसली. पण सोनूबाईंनी स्क्रू आवळला, पुन्हा टिचकी मारली आणि मान हलवली.

हातखंब्यात कुणाला बोलू नकोस. इथे सांगितलंय की बोटं शेकायला शहरात जातो. ड्रायव्हर लोकांना कळलं तर गाडी थांबवून मला बांगड्या भरतील.

गंगाराम


हातखंबा,
२२ फेब्रुवारी १९८५

सौ. येसू,

तुझं उत्तर नाही. बाबूच्या कार्डावरून कळलं की नातू पेटीबाहेर आला, जरा अंग धरतोय. तुझ्याबद्दल त्याने लिहिलंय, 'आई बरी आहे, बोलत नाही.' तिथे बोलत नाही की माझ्याबद्दल बोलत नाही, ते त्याने लिहिलं नाही. मी लपवलं ते तुला लागलं असणार. तू मला रागाने चार शब्द लिहिले असतेस तरी चाललं असतं.

आता मी सांगतो त्याच्यावर तुझा विश्वास बसणार नाही. मला ते काम आवडायला लागलंय. डॉक्टरांनी आता पुरे म्हटलं तरी मी सोडणार नाही. धावदोरा झाला, उलटी टीप झाली, साखळी टाका झाला. कागदावर फूल काढायचं, रेघेवरून सुईने भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवून रॉकेलात कालवलेली नीळ बोळ्याने फिरवायची. कागद उचलला की खाली अख्खं फूल. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी कागद उलटासुलटा करून बघत राहिलो. शेजारची मैना म्हणाली, "काका, जादू नाय ती, रॉकेल हाय."

बायकांना आता माझी सवय झालीय. मान खाली घालून सुई चालवणारा पुरुष त्यांना दिसत नाही बहुतेक. मग काय काय कानावर येतं. त्यातच ऐकलं की लोट्याकडच्या आनंदीबाईंनी चांगल्या चांगल्या मुली परत पाठवल्या. मैना सांगत होती, "तिला हाताला वळण असलेली सून हवी. आल्याबरोबर घरातलं भरतकाम बघते." मी धागा ओवत होतो, तो सुटला. आपली राही सुई धरते ती पायातला काटा काढण्यापुरती.

आणि परवा आनंदीबाई न कळवता दारात. बरोबर दीर, भागोजी. बाई ठेंगणी, पान तोंडात, नजर कोपऱ्याकोपऱ्यातून फिरणारी. चहा झाला. त्यांना फळीवर चष्म्याचं घर दिसलं. मी शिवलेलं, वर सुरंगीच्या फुलांचा वळेसर, गजराच म्हण, भरलेला, कळ्यांना गाठीचा टाका. त्यांनी ते उचललं आणि उलटं केलं. बाजू उलटी करून बघणारं माणूस पारखी असतं, एवढं मला आता कळतं.

"हे कुणी भरलं?"

मी म्हटलं, "घरातच भरलंय."

यात खोटं काय आहे, तूच सांग. घरातच भरलंय. त्यांनी राहीकडे बघितलं. राहीने माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपाकडे बघितलं.

आनंदीबाई म्हणाल्या, "मुलगी मला पसंत आहे. सुपारी फोडायला येऊ तेव्हा मुलीच्या हातचा एक बटवा द्या. माझी पानं दुपारपर्यंत सुकतात."

ते गेल्यावर राही म्हणाली, "आप्पा, त्यांना सांगून टाका."

"सांगू. लग्न झाल्यावर."

"मग नांदायलाही तुम्हीच जा."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. म्हणजे आता तुम्ही दोघीही.

गंगाराम


हातखंबा,
११ मार्च १९८५

सौ. येसू,

सुपारीचा दिवस ठरला, येत्या रविवारी. साखरपुडा तू आल्यावरच. त्यांना तसं सांगितलंय, त्यांनी मानलं. पोराला सोडून तू एवढ्यासाठी येऊ नकोस.

बटवा झाला. लाल साटीण, त्यावर काजूची फांदी. बोंडं भरीव टाक्याने, बी काळ्या रेशमाची. कड काजटाक्याने पक्की केली. दोन्ही बाजूंनी ओढायची नाडी, हिरव्या रेशमाची वळलेली, टोकांना गोंडे. सोनूबाईंनी उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "माझ्याकडे पोरी दोन दोन वर्षं येतात." मी एसटीत सबंध वाट तेवढ्या वाक्यावर बसून आलो.

राहीपुढे बटवा ठेवला. म्हटलं, "पोरी, एक हात तरी लाव याला. म्हणजे अगदीच खोटं होणार नाही." ती उठली, बटवा घेऊन दुकानात गेली. तासाभराने माझ्या मांडीवर टाकला. आत बोट घातलं ते साटिणीला लागलंच नाही. जुन्या सायकलच्या ट्यूबचं रबर पातळ घासून, मापात कापून, तिने आतून अस्तर लावलं होतं. सोलुशनने चिकटवून. साटिणीला पंक्चरचं सोलुशन, येसू. बटव्याला टायरच्या दुकानाचा वास येत होता.

मी म्हटलं, "हे काय केलंस गो?"

कित्येक दिवसांनी ती माझ्याशी बोलली. "त्यांची पानं सुकतात ना? आता नाय सुकायची. मला येतं ते मी लावलं."

आता तुला हेही सांगून टाकतो. मी जायबंदी झाल्यापासून दुकान तीच चालवते. बसते म्हणून लिहिलं ते खरं नव्हतं. चाक उतरवते, पंक्चर काढते. तिने लावलेला पॅच अजून एकही परत आलेला नाही. रावजी आता माझ्याकडे न बघता तिलाच हाक मारतो. मला वाटलं होतं दोन दिवसांत कंटाळेल. बघतच राहिलो.

बटवा कापूर घालून ठेवलाय. वास जाईल.

गंगाराम


हातखंबा,
१८ मार्च १९८५

सौ. येसू,

सुपारी फुटली नाही.

काल काय झालं ते सरळ लिहितो, कारण रावजी तिथे होता आणि तो उद्या मुंबईला निघतोय.

आनंदीबाई आल्या, भागोजी आला, रघुनाथ आला. मुलगा शांत आहे, हात स्वच्छ पण नखांच्या कडा पिवळ्या, कंपनीतल्या कामाने. आपल्याकडून वाडीतली चार माणसं आणि रावजी. राहीने आनंदीबाईंना बटवा दिला. त्यांनी बराच वेळ फांदीवरून अंगठा फिरवला. मग पाकिटातली सुपारी काढून बटव्यात घातली, म्हणाल्या, "आजची सुपारी सुनेच्या बटव्यातूनच निघू दे." बायकांना बरं वाटलं. अडकित्ता पुढे आला. त्यांनी सुपारी बाहेर काढली आणि त्यांचा हात नाकाशी थांबला.

"हा वास कसला गो?"

मी म्हणणार होतो, कापराचा. राही आधी बोलली.

"सोलुशनचा. पंक्चरला लावतात त्याचा. आतलं अस्तर मी लावलं. बाकी भरलंय, शिवलंय ते सगळं आप्पांनी. मला बटणसुद्धा टाकता येत नाही."

भागोजी माझ्याकडे वळला. त्याच्या ओठांवर हसू फुटत होतं. "तुम्ही? टायरवाले, तुम्ही फुलं भरता?"

रावजी डोळे फाडून बघत होता. त्याच्या डोळ्यांत मला हातखंब्याचा सगळा नाका दिसला. प्रत्येक गाडी, प्रत्येक क्लीनर.

मी म्हटलं, "पोरगी थट्टा करते."

येसू, हे मी म्हटलं. भरल्या घरात मी माझ्या मुलीला खोटं ठरवलं. आवाज माझाच होता, मी ऐकला. माझ्याच कानांवर माझा विश्वास बसेना.

आनंदीबाईंनी माझ्या हाताकडे बघितलं. मी तो धोतरात लपवला. त्यांनी सुपारी पुन्हा बटव्यात टाकली, नाडी ओढली आणि उठल्या. "कळवते," एवढंच. रघुनाथने जाताना मला नमस्कार केला. तो केला नसता तर बरं झालं असतं.

सगळे गेल्यावर राही भांडी उचलत होती. म्हणाली, "मला वाटलं, माझी लाज राखताय. ती तुमची होती, आप्पा."

तिच्यापुढे कबूल करायचं ते तुला लिहितोय.

गंगाराम


हातखंबा,
३१ मार्च १९८५

सौ. येसू,

तिकडून निरोप नाही, तुझं पत्र नाही. वर्गाला जाणं मी बंद केलं होतं. कापड गुंडाळून पेटीत टाकलं. बोटं पुन्हा ताठरायला लागली, पण मी बघितलं नाही तिकडे.

परवा सकाळी रावजी मुंबईहून आला. ट्रक लावला, माझ्या हातात वर्तमानपत्राची पुडी दिली. "वहिनींनी दिलीय. काय बोलल्या नाहीत." मी चिठ्ठी शोधली. चिठ्ठी नव्हती. आत रेशमाच्या लडी. लाल, पिवळी, दोन हिरव्या, एक काळी. मी त्या हातात घेऊन टायरवर बसून राहिलो. तुला काळ्या रेशमाचं कुणी सांगितलं? मीच लिहिलं होतं. म्हणजे तू माझी पत्रं वाचतेस. एवढे दिवस मला वाटत होतं, बाबू ती चुलीत घालत असेल.

तेवढ्यात एसटी थांबली आणि आनंदीबाई उतरल्या. मागे रघुनाथ, रात्रपाळी करून तसाच आलेला, डोळे लाल. दुकानापुढे तीन गाड्या उभ्या. ड्रायव्हर, क्लीनर, चहावाला, सगळे. राही जॅकवर चढवलेल्या चाकाशी, हात कोपरापर्यंत काळे. ती उभी राहिली, हात पुसलेसुद्धा नाहीत.

मी आनंदीबाईंना घरात चला म्हटलं.

"घरात नको. इथेच काम आहे." त्यांनी कमरेचा बटवा सोडला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "याची नाडी तुटली. ज्याने शिवलाय त्याच्याकडून दुरुस्त करून हवी. कोण तो?"

रावजीने खोकल्यासारखं केलं. एक क्लीनर हसला. राही माझ्याकडे बघत नव्हती, चाकाकडे बघत होती. मला तिच्या श्वासाचा आवाज येत होता.

मी म्हटलं, "मी."

आवाज मोठा निघाला असावा, कारण चहावाल्याने स्टोव्हची घरघर कमी केली.

मग मी बसलो. सुई सदऱ्याच्या आतल्या बाजूला होती, अजून खोचलेलीच. बटवा हातात घेतला आणि नाडी बघितली. येसू, ती तुटलेली नव्हती. तुटलेल्या धाग्याचं टोक पिंजतं. हे टोक सरळ होतं. कात्रीने कापलेलं. मी वर बघितलं. आनंदीबाई पान चघळत होत्या, चेहऱ्यावर काही नाही. मी ते टोक मुठीत धरलं.

तुझ्या पुडीतली हिरवी लड घेतली. चौपदरी वळली, एक टोक दातात धरून. ओवताना दोन बोटं वळेनात, एकदा सुई पडली, रावजीने वाकून शोधून दिली. कुणी हसलं नाही. नाडी घातली, गोंडे बसवले, ओढून बघितली. बटव्याचं तोंड मिटलं, उघडलं.

आनंदीबाईंनी तो घेतला आणि राहीला म्हणाल्या, "पानं मी काल सकाळी भरलीत. ही बघ." पानं हिरवीगार होती. "अस्तर लावणारी त्या दिवशीच खरं बोलली. भरणाऱ्याचं तेवढं राहिलं होतं." मग माझ्याकडे वळल्या. "काय व्याही, मला वाटलं तुम्ही आज पण थट्टा म्हणाल."

व्याही म्हणाल्या. मला नीट कळायला वेळ लागला. मी रघुनाथकडे बघितलं, तो राहीच्या काळ्या हातांकडे बघून हसत होता. म्हणाला, "माझ्या सायकलची ट्यूब गळते. इथे होईल का?"

राही म्हणाली, "आणा. पण वेळ लागेल, गिऱ्हाइकं खूप आहेत."

आनंदीबाईंनी बटव्यातून तीच सुपारी काढली. अडकित्ता कुणाकडेच नव्हता. राहीने आपला लहान हातोडा त्यांच्यापुढे धरला. चाकाच्या रिंगीवर सुपारी ठेवली आणि त्यांनी एका घावात फोडली. एक तुकडा मला, एक रावजीला. रावजी तोंडात टाकत म्हणाला, "गंगारामभाऊ, माझ्या केबिनला एक पडदा भरून द्या. वर मोर पाहिजे." मी म्हटलं, "मोर मला अजून येत नाही. शिकतो."

उद्यापासून पुन्हा वर्गाला जातोय. रुखवतात काय काय मांडायचं ते विहीणबाईंनी सांगून ठेवलंय. भरलेलं सगळं माझ्या नावाने, आणि राहीने लावलेला एक पॅच तिच्या. मला अजून हे खरं वाटत नाही. मधूनच दुकानाबाहेर येऊन उभा राहतो.

साखरपुडा तुझ्याशिवाय होणार नाही. नातवाला अंगावर गुंडाळून घेऊन ये, गार वारा लागू देऊ नकोस. आणि अक्षर नीट बघ. हे पत्र उजव्या हाताने लिहिलंय.

नाडीचं हिरवं रेशीम कुणाचं, ते मी विहीणबाईंना सांगितलेलं नाही. तू आल्यावर तूच सांग.

गंगाराम